४ कोटी १० लाख अंकांची मूळ संख्या सापडली. आता आत्याने गुगल पे काढून टाकायचं का?

भाऊबीजेला बाबांबरोबर आत्याकडे गेलो होतो. फराळाची बशी हातात येते न येते तोच आतेभावाने मोबाईल पुढे केला. "दादा, हे खरंय का?" रीलमध्ये काळ्या पडद्यावर हिरवे आकडे धो धो कोसळत होते आणि एक भारदस्त आवाज सांगत होता की जगातली सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली आहे, आता बँकांची सगळी डिजिटल कुलपं उघडणार. आणि त्याच दिवशी आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड होता: नव्या मूळ संख्येमुळे ऑनलाइन व्यवहार आता शंभर टक्के सुरक्षित.

बातमी एकच, निष्कर्ष दोन, तेही एकमेकांच्या विरुद्ध. गंमत म्हणजे दोन्ही चूक. पण आतून आत्याने विचारलं, "मग ते गुगल पे काढून टाकू का रे?" तेव्हा मला ती गंमत वाटेना. तिची भिशी, गॅस, दूधवाला, सगळं यूपीआयवर चालतं. "तू यातलाच ना, मग नीट सांग," ती म्हणाली. तिला सांगितलं ते जरा सविस्तर इथे लिहितोय.

बातमी नेमकी काय आहे

२१ ऑक्टोबर २०२४ ला ही घोषणा झाली. आपल्याकडे त्या आठवड्यात विधानसभेच्या तिकीटवाटपापलीकडे कोणाला काही दिसत नव्हतं, त्यामुळे बहुतेकांपर्यंत ती पोचली ती थेट रील होऊनच. तेरा कोटी बासष्ट लाख एकोणऐंशी हजार आठशे एक्केचाळीस वेळा २ लिहा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि शेवटी १ वजा करा. जी संख्या येईल तिला १ आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानेही भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. याआधीचा विक्रम डिसेंबर २०१८ चा, २,४८,६२,०४८ अंकांचा. मध्ये जवळजवळ सहा वर्षं काहीच हाती लागलं नव्हतं.

शोधणारा ल्यूक ड्युरंट. तेव्हा वय ३६, राहणार अमेरिकेतल्या सॅन होजेला, पूर्वी एनव्हिडिया कंपनीत कामाला. ज्या प्रकल्पातून हे झालं त्याचं नाव 'जिम्प्स'. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी तो सुरू केला. कल्पना साधी: जगभरातल्या लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ द्यायचा आणि एकेक संख्या वाटून घेऊन तपासायची. बक्षीस ३,००० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे अडीच लाख रुपये. ते अलाबामातल्या एका गणित-विज्ञान शाळेला देणार असल्याचं ड्युरंटने तेव्हा सांगितलं.

४ कोटी १० लाख म्हणजे किती, याचा अंदाज आपल्या डोक्याला येत नाही, म्हणून थोडा हिशेब करू. सेकंदाला एक अंक या वेगाने, न झोपता, न जेवता वाचत बसलात तर ४७५ दिवस लागतील. टेक्स्ट फाइल केली तर ४१ एमबी होते. बायनरीत ठेवली तर १७ एमबी. आणि आता खरी मजा: बायनरीत लिहिल्यावर ही संख्या दिसते कशी? १११११११११… फक्त एक. तेरा कोटी बासष्ट लाखांहून जास्त वेळा १, मध्ये एकही शून्य नाही. २ चा कुठलाही घात बायनरीत १ आणि पुढे शून्यं असा असतो, त्यातून एक काढला की सगळी शून्यं पालटून १ होतात. जसं १००० मधून १ काढला की ९९९.

म्हणजे १७ एमबीची ही संख्या मी तुम्हाला एका ओळीच्या मेसेजमध्ये पाठवू शकतो: "इतके वेळा १". तिच्यात गुपित असं काहीच नाही. हा मुद्दा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मोबाईलवर स्वतः करून बघा

एवढ्या मोठ्या संख्येचा शेवटचा अंक कोणता? त्यासाठी सुपरकॉम्प्युटर लागत नाही. २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६… शेवटचे अंक बघा: २, ४, ८, ६, पुन्हा २, ४, ८, ६. चाराचं चक्र. १३,६२,७९,८४१ ला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते (शेवटचे दोनच अंक, ४१, भागून पाहिले तरी चालतं). बाकी १ म्हणजे चक्रातला पहिला अंक, २. त्यातून १ वजा. उत्तर १. ही संख्या १ ने संपते.

अंक किती, हेही काढता येतं. २ चा लॉग ०.३०१०३. त्याने घातांकाला गुणायचं, दशांश भाग सोडायचा आणि १ मिळवायचा. २ च्या दहाव्या घाताचं बघा: ३.०१०३, म्हणजे ३ अधिक १, चार अंक. १०२४, बरोबर. आतेभावाने लगेच मोबाईलवर केलं आणि म्हणाला, "दादा, ४,१०,२४,३२१ येतायत. बातमीत एक अंक कमी सांगितलाय." मला घाम फुटला. मीही करून पाहिलं, तेच आलं.

चूक बातमीची नव्हती. ०.३०१०३ हा आकडा गोळाबेरीज केलेला आहे. नीट लिहिला तर ०.३०१०२९९९५६६… असा जातो. फरक अब्जांशाचा, पण तेरा कोटींनी गुणल्यावर तोच फरक अर्ध्याच्या वर जातो आणि एक अंक वाढवून देतो. शाळेच्या लॉग टेबलने इथे दगा दिला. सॉफ्टवेअरमध्ये असला बग आठवडाभर सापडत नाही, इथे तो करंज्या खाताखाता सापडला.

अशा संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, सतराव्या शतकातल्या मरँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून. नियम असा की घातांक स्वतः मूळ असल्याशिवाय उत्तर मूळ येऊ शकत नाही. का, ते पुन्हा बायनरीतच दिसतं. सहा एक घ्या, ११११११. त्याच्या दोन-दोनच्या जोड्या पडतात, म्हणून ११ ने भाग जाणारच (दशमानात ६३, भागिले ३). घातांकाला भाग जात असेल तर एकांच्या ओळीलाही जातो. पण उलटं खरं नाही. ११ ही मूळ संख्या आहे, तरी २ च्या अकराव्या घातातून १ वजा केला तर २०४७ येतात, म्हणजे २३ गुणिले ८९. आपला नवा घातांक गाठेपर्यंत ७५ लाखांहून जास्त मूळ घातांक येतात. त्यांतले 'पास' झालेले आजवर माहीत आहेत फक्त ५२, यातला हा सगळ्यात मोठा. क्रमाने तो बावन्नावाच आहे असं मात्र म्हणता येत नाही, कारण मधले सगळे घातांक अजून पूर्ण तपासून झालेले नाहीत. बातम्यांमध्ये 'माहीत असलेली ५२ वी' हे शब्द गाळले जातात.

जाता जाता: प्रत्येक मर्सेन मूळ संख्येसोबत एक परिपूर्ण संख्या फुकट मिळते. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. नव्या शोधामुळे अशी एक ८ कोटी २० लाखांहून जास्त अंकांची संख्या मिळाली आहे. उपयोग? काही नाही. छान आहे, एवढंच.

भागून न बघता कसं कळलं

हा प्रश्न आतेभावाने विचारला आणि मला बरं वाटलं. ४ कोटी अंकी संख्येला एकेका संख्येने भागत बसलं तर विश्वाचं वयही पुरणार नाही. त्याऐवजी लुकास-लेमर नावाची एक चाचणी आहे. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करायचा, २ वजा करायचे, आणि आपल्या संख्येने भागून बाकी ठेवायची. हे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ.

३१ वर करू. घातांक ५, म्हणजे तीन फेऱ्या. ४ चा वर्ग १६, वजा २, १४. १४ चा वर्ग १९६, वजा २, १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २, ६२, ३१ ने भागून बाकी ० . झालं, ३१ मूळ आहे. नवीन संख्येसाठी हेच, फक्त १३,६२,७९,८३९ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत ४ कोटी अंकी संख्येचा वर्ग.

यात बाकी काढणं सगळ्यात स्वस्त पडतं, आणि लोक मर्सेन संख्यांच्या मागे लागतात त्याचं हेही एक कारण. १,२३,४५६ ला ९९९ ने भागून बाकी किती? भागाकार करू नका. तीन-तीन अंक तोडा: १२३ आणि ४५६. बेरीज ५७९. हीच बाकी. सगळे ९ असलेल्या संख्येला दशमानात ही सवलत मिळते, सगळे १ असलेल्या संख्येला बायनरीत. प्रोसेसरने लांबलचक उत्तर मध्ये तोडायचं आणि दोन तुकड्यांची बेरीज करायची, भागाकार संपला.

ड्युरंटने आधी जी चाचणी चालवली ती वेगळी, फर्माच्या प्रमेयावरची. तिचं उत्तर 'बहुधा मूळ' एवढंच असतं. मग ती का वापरायची? कारण इतक्या लांब गणितात एखाद्या चिपने अब्जावधी क्रियांपैकी एक चुकवली तर अख्खी मेहनत पाण्यात, आणि फर्माच्या चाचणीत मधल्या मध्ये चूक पकडण्याची रॉबर्ट गर्बिझची एक भन्नाट युक्ती बसवता येते. ११ ऑक्टोबरला आयर्लंडच्या डब्लिनमधल्या एका एनव्हिडिया ए१०० जीपीयूने 'बहुधा मूळ' असा निकाल दिला. दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओतल्या एच१०० ने लुकास-लेमर चाचणीने शिक्कामोर्तब केलं. त्यानंतरही वेगवेगळ्या प्रोग्रॅमवर, वेगवेगळ्या हार्डवेअरवर पुन्हा पुन्हा पडताळून मगच घोषणा झाली.

मूळ संख्या ओळखण्याच्या विषयात एक मोठं काम आपल्या देशातलं आहे. २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दाखवलं की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात, म्हणजे संगणकशास्त्रात ज्याला बहुपदी वेळ म्हणतात तेवढ्यात, ठरवता येतं. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. विक्रमांच्या शर्यतीत ती पद्धत वापरत नाहीत, कारण मर्सेनसाठी लुकास-लेमर कितीतरी वेगवान आहे. पण सिद्धांत म्हणून कानपूरचं काम या बातमीपेक्षा मोठं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आत्याचा प्रश्न

बँकेचं ॲप सर्व्हरशी बोलतं तेव्हा सर्व्हर 'मी खरा बँकेचाच' हे सिद्ध करतो. ते करण्याची एक जुनी, आजही चालू असलेली पद्धत म्हणजे आरएसए. दोन मूळ संख्या घ्यायच्या, साधारण ३०८ अंकी. गुणाकार करायचा, ६१७ अंकांपर्यंतची संख्या मिळते. गुणाकार सगळ्या जगाला दाखवायचा, त्या दोन संख्या मात्र लपवून ठेवायच्या. सुरक्षा एवढ्यावरच उभी आहे की गुणाकारावरून त्या दोन संख्या परत शोधणं भयंकर कठीण आहे. किती कठीण? फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी अशी एक संख्या फोडली गेली. एकाच प्रोसेसर-कोअरवर केलं असतं तर सुमारे २,७०० वर्षं लागली असती. ६१७ अंक त्याच्या कितीतरी पुढे.

आता नवी मूळ संख्या यात कुठे बसते? कुठेच नाही. कुलूप फोडायला ती कामाची नाही, कारण तुमच्या बँकेच्या ३०८ अंकी गुप्त संख्या शोधायला ४ कोटी अंकी दुसरी संख्या माहीत असून काय फायदा? पुण्यात हरवलेली किल्ली शोधायला हिमालयाची उंची मोजल्यासारखं ते. आणि कुलूप घट्ट करायलाही ती कामाची नाही, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. कोणी ती आरएसएमध्ये वापरलीच तर चोर पहिला भागाकार तिनेच करून बघेल. सुरक्षेला 'मोठी' संख्या नको असते, 'कोणाला माहीत नसलेली' हवी असते.

मग बँका अशा संख्या आणतात कुठून? कुठल्या यादीतून नाही. सर्व्हर स्वतः एक बेछूट विषम संख्या उचलतो, तपासतो, मूळ नसेल तर पुढची. या आकारात साधारण दर ३५५ विषम संख्यांमागे एक मूळ सापडते, त्यामुळे साध्या मशीनवरही हे पटकन होतं. आणि त्या संपतील का? या आकाराच्या मूळ संख्या १ वर ३०५ शून्यांपेक्षा जास्त आहेत. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंचा अंदाज १ वर ८० शून्यांच्या आसपास असतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी पकडेलच. सगळ्याच ठिकाणी मूळ संख्या गुप्त नसते. व्हॉट्सॲपवर तुमचे मेसेज झाकायला जी पद्धत वापरतात तिच्यात मूळ संख्या उघड आहे, आणि जगातल्या सगळ्या फोनमध्ये तीच: २ चा २५५ वा घात वजा १९. फक्त ७७ अंक. गुप्त असते ती तुमच्या फोनने निवडलेली दुसरी संख्या. आणि ही ७७ अंकी संख्या का निवडली? तीच वर सांगितलेली 'मध्ये तोडा आणि बेरीज करा'ची सवलत. वरचा तुकडा १९ ने गुणायचा आणि खालच्यात मिळवायचा, बाकी तयार. मर्सेनची चुलत बहीणच म्हणा. तिच्या जागी नवीन विक्रमी संख्या टाकली तर? चालेल कदाचित, पण नवीन माणसाशी चॅट सुरू करताना 'हाय' म्हणायच्या आधी नुसत्या किल्ल्यांच्या देवाणघेवाणीत प्रत्येकाचे १७ एमबी जातील, आणि फोन इस्त्रीसारखा तापेल.

क्वांटम कॉम्प्युटरचा धोका हा वेगळा आणि खरा विषय आहे. त्यावरची तयारी चालू आहे: सिग्नल ॲपने २०२३ मध्ये, ॲपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये नव्या प्रकारचं कुलूप जोडलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेने त्याचं अधिकृत मानक जाहीर केलं. त्या मानकाच्या पोटात जी मूळ संख्या बसवली आहे ती कोणती माहितीये? ३३२९. चार अंक! ती निवडायचं कारण, १ वजा केला की ३३२८ ला २५६ ने नेमका भाग जातो, आणि त्यामुळे एका जलद गुणाकाराची सोय होते. ज्यांना 'जेवढी मोठी तेवढी सुरक्षित' वाटतं त्यांनी हा आकडा एकदा वहीत लिहून ठेवावा.

कुलूप खरंच कधी तुटतं

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. छोटी छोटी उपकरणं बनवायचो, फॅक्टरीतल्या मीटरचं रीडिंग सर्व्हरला पाठवणारी. मी एका बोर्डवर सगळं सॉफ्टवेअर बसवलं, व्यवस्थित चाललं, मग त्याच कार्डची कॉपी काढून चाळीस बोर्डांत टाकली. वेळ वाचला म्हणून खूश. दोन महिन्यांनी एका सीनियरने विचारलं, "या सगळ्यांची किल्ली एकच कशी?" किल्ली पहिल्या बोर्डवर तयार झाली होती आणि कॉपीबरोबर चाळीस ठिकाणी गेली होती. एक बोर्ड कोणी उघडला असता तर चाळीसही उघडले असते. सुदैवाने माल अजून गोदामातच होता. गणित निर्दोष होतं, चूक माझी होती.

असं फक्त माझ्याच हातून होतं असं नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो सर्व्हर आणि उपकरणांच्या उघड किल्ल्या गोळा केल्या आणि त्यांचा दोन-दोनचा मसावि काढला. हो, शाळेतलाच मसावि. समजा, एका उपकरणाची उघड संख्या ९१ आणि दुसऱ्याची १३३. दोन्ही फोडायला अवघड आहेत असं धरू. पण मसावि? १३३ वजा ९१, ४२. ९१ ला ४२ ने भागून बाकी ७. ४२ ला ७ ने भाग जातो. मसावि ७, आणि एका फटक्यात ९१ म्हणजे ७ गुणिले १३, १३३ म्हणजे ७ गुणिले १९. दोन उपकरणांनी चुकून एक मूळ संख्या सारखी वापरली की दोन्ही कुलपं गेली, अवघड गणित न करता. अशा रीतीने सुमारे ०.५ टक्के सुरक्षित म्हणवणाऱ्या पत्त्यांच्या गुप्त किल्ल्या त्यांना मिळाल्या. बहुतेक राउटर आणि तत्सम लहान उपकरणं. चालू झाल्या झाल्या किल्ली बनवताना त्यांच्याकडे पुरेसा 'बेछूटपणा' जमलेलाच नव्हता, म्हणून अनेकांनी तीच संख्या उचलली.

आत्याला मी हे सगळं नाही सांगितलं. तिला एवढंच सांगितलं की ॲप ठेव, आणि 'पैसे मिळवण्यासाठी पिन टाका' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून दे. पैसे घ्यायला पिन लागतच नाही. सध्या 'डिजिटल अरेस्ट'चे फोन येतायत, पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये त्याबद्दल बोलून दाखवलं. तिथे लोकांचे लाखो रुपये जातात आणि त्यात एकही मूळ संख्या फोडली जात नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी

सरळ उपयोग शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण अशा गणितांनी चिपमधल्या चुका पकडल्या आहेत. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर काम करत होते. उत्तरं जुळेनात, म्हणून मागे लागले आणि कळलं की इंटेलचा पेंटियम प्रोसेसर भागाकारच चुकवतोय. इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. २०१६ मध्ये इंटेलचे सहाव्या पिढीचे स्कायलेक प्रोसेसर हँग होतायत, हे याच जिम्प्सच्या 'प्राइम९५' प्रोग्रॅमने दाखवून दिलं. पीसी असेंबल करणारी पोरं आजही नवीन मशीन रात्रभर त्याच्यावरच तापवून बघतात.

मला या वेळच्या बातमीत खटकलेली गोष्ट वेगळी आहे. २८ वर्षं हे विक्रम साध्या पीसीवर होत होते. कोणाच्या तरी घरातल्या, ऑफिसातल्या मशीनवर अचानक लॉटरी लागायची. या वेळी पहिल्यांदाच जीपीयूवर विक्रम झाला, आणि तोही एका माणसाने १७ देशांतल्या २४ डेटासेंटर विभागांत भाड्याने घेतलेल्या हजारो सर्व्हर जीपीयूंवर. ड्युरंटचं कौतुक आहेच. एआयसाठी बनवलेल्या चिप गणितासाठीही वापरता येतात हे त्याने दाखवलं. पण क्लाउडचं एवढं भाडं खिशातून भरू शकणारे किती जण असतात? सगळ्यांची जत्रा होती, ती आता ज्याचा खिसा मोठा त्याची होईल की काय, अशी मला शंका येते. मिहाई प्रेडाने लिहिलेला जीपीयूसाठीचा प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट आहे, एवढाच दिलासा.

पुढचं मोठं बक्षीस आहे अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं, १० कोटी अंकी मूळ संख्येला दीड लाख डॉलर. हे ऐकून आतेभावाचे डोळे चमकले. त्याच्याकडे गेमिंगचा लॅपटॉप आहे. मी त्याला वहीवर करून दाखवलं: १० कोटी भागिले ०.३०१०३ (इथे चालतो हा आकडा), म्हणजे घातांक ३३ कोटी २२ लाखांच्या आसपास हवा. आताच्या विक्रमाच्या जवळजवळ अडीचपट. फेऱ्या अडीचपट, आणि प्रत्येक फेरीतली संख्याही अडीचपट लांब. त्यामुळे काम सहापटीहून जास्त, आणि तेवढं करून बहुधा हाती येणार 'मूळ नाही' एवढंच उत्तर.

त्याने तरी डाउनलोड केलंच. मोठ्या बक्षिसाच्या नादी न लागता प्रोग्रॅमने दिलेला साधा घातांक घेतलाय. काल आत्याचा फोन आला होता, गुगल पे व्यवस्थित चालू आहे, पण लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज रात्रभर येतो म्हणे, आणि वीजबिल कोण भरणार ते मी सांगायचं आहे.